मुक्या प्राण्यांस बुद्धि द्यावी काय?

बोलणारीं जनावरें आपणां सर्वांच्या बालपणापासून ओळखीचीं आहेत. पंचतंत्रांतील कोल्हा कपट रचतो, इसापनीतींतील कासव सशास हरवितें, आणि आजीच्या गोष्टींतील वाघ म्हातारीस वाटेंत अडवून तिच्याशीं बोलणें लावतो. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, हीं सर्व जनावरें आपल्यासाठीं बोलतात, स्वतःसाठीं नव्हे. त्यांच्या तोंडीं मनुष्यानें आपलाच उपदेश घातलेला असतो. जनावरांस खरोखरच मनुष्याएवढी समज आली तर त्यांचीं सुखदुःखें कशीं होतील, तीं आपणांस कोणते प्रश्न विचारतील, आणि त्या प्रश्नांस आपण काय उत्तर देऊं, याचा विचार त्या गोष्टींत सहसा आढळत नाहीं.

हा विचार आतां केवळ करमणुकीचा राहिलेला नाहीं. मेंदूच्या रचनेविषयींचें ज्ञान इतकें वाढलें आहे कीं, इतर प्राण्यांची बुद्धि वाढवितां येईल काय, हें शास्त्रज्ञ प्रत्यक्ष प्रयोगानें पाहूं लागले आहेत. तशी शक्ति हातीं आली तर तिचा उपयोग करावा काय, हा मात्र एकट्या शास्त्रज्ञांचा प्रश्न नव्हे. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि शाळेंतील मुलामुलींनीं व त्यांच्या आईबापांनींहि त्याचा विचार करणें अगत्याचें आहे. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. दुसऱ्या जिवास बुद्धि देणें हें त्यास जन्म देण्यासारखेंच आहे. दिल्यावर हात झटकून मोकळें होतां येत नाहीं. त्या जिवास जन्मभर सांभाळण्याची, त्याचें म्हणणें ऐकण्याची आणि त्याच्या प्रश्नास उत्तर देण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें त्यास बुद्धि देण्याच्या भरीस पडूं नये.

प्रथम प्रयोग कोठवर आले आहेत तें पाहूं. सन १९९९ मध्यें अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत जो त्सिएन व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या मेंदूंतील एका जनुकाचें कार्य वाढविलें. हे उंदीर इतर उंदरांहून लवकर शिकत आणि शिकलेलें अधिक काळ स्मरणांत ठेवीत. या वार्तेचा जगभर बोलबाला झाला. परंतु पुढें दोन वर्षांनीं, सन २००१ मध्यें, सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं याच जातीचे उंदीर पुन्हां तपासले, तेव्हां त्यांस असें आढळून आलें कीं, शरीरास सूज आल्यानंतर होणारी दीर्घ वेदना या उंदरांस इतरांपेक्षां अधिक जाणवते. मेंदूंतील ज्या साधनानें स्मरण वाढलें, त्याच साधनानें दुःखहि वाढलें. देणारानें एक वस्तु दिली. घेणाराच्या पदरीं दोन पडल्या.

याहून पुढचीं पावलें अलीकडे पडलीं आहेत. सन २०१९ मध्यें चीनमधील कुनमिंग येथील शास्त्रज्ञांनीं मनुष्याच्या मेंदूच्या वाढीशीं संबंध असलेला एक जनुक ऱ्हीसस जातीच्या माकडांत घातल्याचें प्रसिद्ध केलें. उत्तर हिंदुस्थानांत देवळांच्या आवारांत दिसणारीं लाल तोंडाचीं माकडें तीं हींच. अशा ११ माकडांपैकीं ५ वांचलीं, आणि वांचलेल्या माकडांची अल्पकाळची स्मृति साध्या माकडांपेक्षां चांगली ठरली. पुढच्याच वर्षीं, सन २०२० मध्यें, जर्मनींतील ड्रेस्डेन येथील व जपानमधील शास्त्रज्ञांनीं केवळ मनुष्यांतच असलेला एक जनुक मार्मोसेट नांवाच्या लहानशा माकडाच्या गर्भांत घातला. त्या गर्भांच्या मेंदूचें बाह्य आवरण मोठें झालें व त्यावर मनुष्याच्या मेंदूसारख्या वळ्या दिसूं लागल्या. परंतु या शास्त्रज्ञांनीं ते गर्भ जन्मास येऊं दिले नाहींत. जन्मल्यावर त्या जिवांची बुद्धि व वर्तन कसें होईल हें सांगतां येत नव्हतें. अशा स्थितींत पुढें जाणें नीतीस धरून होणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें.

यांपैकीं एकाहि प्राण्यास मनुष्याची बुद्धि आलेली नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. उंदीर उंदीरच राहिला आणि माकड माकडच राहिलें. परंतु वाट कोणत्या दिशेस चालली आहे हें कळण्यास मुक्काम गांठावा लागत नाहीं.

या वाटेवर पहिलीच अडचण मोठी विलक्षण आहे. मनुष्यावर कोणताहि प्रयोग करावयाचा असल्यास आधीं त्याची संमति घेतली पाहिजे, हा आज सर्वमान्य नियम आहे. आतां ज्या प्राण्यास संमति म्हणजे काय हेंच समजत नाहीं, त्याची संमति विचारणें शक्य नाहीं. आणि ज्यास तें समजूं लागलें, त्याच्यावर संमतीवांचून प्रयोग करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. म्हणजे प्रयोग जों जों सफल होत जाईल, तों तों तो चालूं ठेवण्याचा आपला अधिकार कमी होत जाईल. आणि ज्या दिवशीं तो पूर्ण सफल होईल, त्या दिवशीं पिंजऱ्याचें दार उघडावें लागेल. पण दार उघडल्यावर तो जीव जाणार कोठें?

याचें उत्तर शोधण्यासाठीं प्रयोगशाळेंतून क्षणभर आपल्या गोठ्यांत येऊं. गोठ्यांतील बैलास एका रात्रींतून मनुष्याची समज आली असें समजा. नांगरटीपासून मळणीपर्यंत आपण राबलों, धान्य घरांत गेलें आणि आपल्या वाट्यास कडबा आला, हें त्यास सकाळींच उमगेल. ही मजुरी पुरेशी आहे काय, असें तो विचारील. पोळ्याच्या दिवशीं शिंगांस बेगड, पाठीवर झूल आणि तोंडांत पुरणपोळी, व दुसऱ्याच दिवशीं मानेवर जूं, या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, असेंहि विचारील. पुढें वय झाल्यावर त्यास बाजारांत नेऊन त्याचे दांत पाहूं लागतील, तेव्हां हा सौदा कशाचा चालला आहे हें तो पुरतें जाणेल. मनुष्याची खरेदीविक्री जर पाप आहे, तर मनुष्याएवढें जाणणाऱ्या जिवाची खरेदीविक्री पाप कां नव्हे? आणि इतकें सर्व त्याच्या मनांत येऊनहि लिहिण्यास त्याला हात नाहींत, बोलण्यास त्याला मनुष्याचा कंठ नाहीं, आणि सबंध खिल्लारांत ज्यापाशीं मन मोकळें करावें असा एकहि सोबती नाहीं.

कुत्र्याचें दुःख निराळें होईल. तो बारा-चवदा वर्षें जगतो आणि आज त्याची गणती करीत बसत नाहीं. समज आल्यास धन्याचें पोर शाळेंतून बाहेर पडण्यापूर्वींच आपला शेवट होणार, हें तो ओळखील. वाघाची स्थिति तर याहूनहि कठीण. आज वाघ हरिणास मारतो त्यांत पाप नाहीं, कारण बरेंवाईट जाणणारी बुद्धि त्यास दिलेलीच नाहीं. ती आपण दिली, तरी त्याचे दांत व त्याचें पोट हीं वाघाचींच राहणार. त्यास अपराधाची जाणीव मिळेल, पण अपराध टाळण्याचें साधन मिळणार नाहीं. बऱ्यावाईटाच्या ज्ञानाबरोबर लाज, कष्ट आणि मरणाचें भान हीं येतात, हें उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत आमच्या वाचकांनीं वाचलेंच असेल. असें दान दुसऱ्याच्या गळ्यांत घालतांना हात थरथरला पाहिजे.

मुक्या जिवास वाचा फुटल्यावर मनुष्य कसा वागतो, याविषयीं दोन जुन्या कथा मननीय आहेत. एक पवित्र शास्त्रांतील गणना या पुस्तकांत आहे. बलाम आपल्या गाढवीवर बसून चालला असतां वाटेंत परमेश्वराचा दूत उभा होता. तो गाढवीस दिसला, बलामास दिसला नाहीं. ती अडखळली म्हणून बलामानें तिला तीन वेळां मारलें. तेव्हां परमेश्वरानें तिला वाचा दिली व तिनें धन्यास या माराचें कारण विचारलें. वाचकांनीं येथें लक्षपूर्वक पाहावें. जनावर बोलतें आहे याचें बलामास नवल वाटत नाहीं. त्याचें पहिलें उत्तर असें कीं, हातांत तरवार असती तर त्यानें तिला ठारच केलें असतें. प्रश्न न्यायाचा होता, आणि उत्तर आलें तें शस्त्राच्या भाषेंत.

दुसरी कथा महाराष्ट्राच्या घरोघरीं ठाऊक आहे. तेराव्या शतकांत ज्ञानेश्वर व त्यांचीं भावंडें शुद्धिपत्रासाठीं पैठणास गेलीं असतां, सर्वांभूतीं एकच आत्मा असल्यास तो रस्त्यानें चाललेला रेडाहि ज्ञानीच म्हणावा लागेल, अशी त्यांची थट्टा करण्यांत आली. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढतांच त्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. मग त्यांनीं रेड्याच्या मस्तकावर हात ठेविला आणि त्याच्या मुखांतून वेद बाहेर पडले, असें भाविक लोक सांगतात. चमत्काराचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. आमचें लक्ष कथेच्या क्रमाकडे आहे. आधीं रेड्याची वेदना वांटून घेतली, नंतर त्यास वाचा दिली. आणि वाचा दिल्यावर पैठणच्या रस्त्यांत त्यास सोडून दिलें नाहीं. तो त्या भावंडांबरोबर चालला, आणि जुन्नर तालुक्यांतील आळे या गांवीं त्यानें प्राण सोडला तेव्हां त्यास तेथें समाधि दिली. ती समाधि आजहि लोक दाखवितात. ज्यानें वाचा दिली, त्यानें शेवटपर्यंत सोबत दिली.

या कथांच्या शेजारीं आपल्या काळांतील एक खरी हकीकत ठेवून पाहूं. सन १९७३ मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा येथें निम नांवाचा एक चिंपांझी जन्मला. थोड्याच दिवसांचा असतां त्यास आईपासून काढून न्यूयॉर्क शहरांत एका कुटुंबांत ठेवण्यांत आलें. कोलंबिया विद्यापीठाचे प्रोफेसर हर्बर्ट टेरेस यांस असें पाहावयाचें होतें कीं, मनुष्याच्या मुलाप्रमाणें वाढविल्यास हा प्राणी बहिऱ्यामुक्यांची खुणांची भाषा शिकेल काय. निम कपडे घालूं लागला, मनुष्यांच्या सहवासांत रमूं लागला, आणि सुमारें १२५ खुणा शिकला. सन १९७७ मध्यें प्रयोग थांबला व त्यास ओक्लाहोमाच्या पिंजऱ्यांत परत पाठविलें. सन १९७९ मध्यें टेरेस यांनीं असा निर्णय प्रसिद्ध केला कीं, निमच्या खुणा म्हणजे वाक्यें नव्हत. तो बहुतांशीं शिक्षकांचें अनुकरण करीत होता. सन १९८२ मध्यें त्याची रवानगी एका वैद्यकीय प्रयोगशाळेंत झाली. तेथें चिंपांझींवर लसींचे प्रयोग होत असत. लोकांनीं फार ओरड केल्यामुळें त्याची तेथून सुटका झाली. पुढें टेक्सासमधील प्राण्यांच्या एका आश्रयस्थानांत तो राहिला व सन २००० मध्यें, वयाच्या २६ व्या वर्षीं, मरण पावला.

निम वाक्य बोलत होता कीं नाहीं, हा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. परंतु त्यास मनुष्याच्या घरची सवय लाविली होती, याविषयीं वाद नाहीं. ज्यांनीं त्यास हांक मारावयास शिकविलें, ते हांकेला ओ देण्यास तेथें राहिले नाहींत. अशीच खुणांची भाषा वॉशो नांवाच्या एका मादीस सन १९६६ पासून नेव्हाडा येथें शिकविली जात होती. तिच्या शिक्षकांपैकीं रॉजर फाउट्स हे विद्यार्थी असतांना त्या कामावर लागले. पुढें तिचें ठिकाण दोन वेळां बदललें, तेव्हां दोन्ही वेळां तेहि तिच्याबरोबर गेले. आणि सन २००७ मध्यें वॉशो मरण पावली तोंपर्यंत हा ऋणानुबंध तुटला नाहीं. तिचा बंदिवास संपला असें नाहीं, पण तिची ओळख कोणी पुसून टाकली नाहीं. शिक्षण तेंच होतें. भेद पडला तो शिकविणाराच्या निष्ठेमुळें.

येथें एखादा वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, "अहो, तुम्ही मिशनच्या शाळेंत शिकवितां आणि कोणास बुद्धि देऊं नये म्हणतां? सन १८४८ मध्यें जोतीराव फुल्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली, तेव्हां विरोधक हेंच म्हणत होते. शिकून मुली बिघडतील, शूद्रातिशूद्र असंतुष्ट होतील, असें भय घालून त्यांनीं सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलें. तुमचें बोलणें त्यांच्याहून निराळें कसें?"

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु यांतील तुलनाच मुळांत चुकीची आहे. ज्या मुलींस व ज्या लोकांस शाळेचें दार बंद होतें, तीं परमेश्वराच्या प्रतिरूपाचीं पूर्ण मनुष्यें होतीं. त्यांस बुद्धि शाळेनें दिली नाहीं. ती त्यांच्याजवळ होतीच, आणि दाराशीं ताटकळत उभी होती. शाळेनें फक्त अडसर काढला. अडसर घालणारांनीं अन्याय केला, व तो काढणारांनीं उपकार नव्हे, तर न्याय केला. जनावराच्या दाराशीं असें कोणी ताटकळत उभें नाहीं. तेथें आपण एक नवी तहान उत्पन्न करणार, आणि ती भागविण्यास पाणी आहे कीं नाहीं हें मागाहून पाहणार. या दोन गोष्टी एका तराजूंत घालूं नयेत.

तथापि त्या विरोधकांनीं एक गोष्ट बरोबर ओळखली होती, ती ही कीं, शिकलेला मनुष्य प्रश्न विचारतो. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले आणि नंतर त्यांनीं सबंध समाजास प्रश्न विचारले. आमच्या पालकबंधुभगिनींस येथें एक नम्र विनंति आहे. आपण मुलीस मोठ्या हौसेनें शाळेंत घालतों, तिच्या बक्षिसांचें कौतुक करतों, आणि तीच मुलगी आपल्या लग्नाविषयीं किंवा पुढील शिक्षणाविषयीं दोन शब्द बोलूं लागली म्हणजे, "फार शहाणी झालीस!" असें म्हणून तिचें तोंड बंद करतों. शहाणी व्हावी म्हणूनच तर तिला पाठविलें होतें ना? आपल्या पोटच्या मुलांच्या प्रश्नांस जेथें आपण असें उत्तर देतों, तेथें बैलाच्या व वाघाच्या प्रश्नांस आपण न्यायानें उत्तर देऊं, असा भरंवसा कोणी धरावा?

दुसरा आक्षेप दयाबुद्धीचा आहे. या प्रयोगांतून मेंदूच्या रोगांचीं कारणें कळतील व पीडित बालकांस उपाय सांपडेल, असें शास्त्रज्ञ म्हणतात. ज्यांच्या घरीं असें बालक आहे त्यांचें दुःख आम्ही जाणतों, आणि अशा सर्वच संशोधनास आमचा विरोध नाहीं. परंतु रोग समजून घेण्यासाठीं प्राण्याचा उपयोग करणें ही एक गोष्ट, आणि "मला असें कां केलें?" हें विचारण्याची समज असलेला जीव निर्माण करून त्यालाच उपकरण बनविणें ही दुसरी. पहिलीस जपून व दयेनें वागण्याच्या अटी घालतां येतील. दुसरीस कोणतीहि अट पुरणार नाहीं. म्हणून ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनीं जेथें पाऊल थांबविलें, तेथें त्यांचें ज्ञान थिटें पडलें असें आम्हांस वाटत नाहीं. कोठें थांबावें हें ठरविणें हाहि ज्ञानाचाच भाग आहे.

कोणी असेंहि म्हणेल कीं, मनुष्यास प्राण्यांवर सत्ता दिली असल्याचें शास्त्रांतच सांगितलें आहे. होय, सांगितलें आहे. पण त्याच शास्त्रांत विसाव्याच्या दिवशीं गुराढोरांसहि विसावा सांगितला आहे, मळणीच्या बैलास मुसकी घालण्याची मनाई आहे, आणि योनाच्या पुस्तकाच्या अगदीं शेवटीं निनवे शहराची कींव करतांना परमेश्वर तेथील गुरांचीहि आठवण करतो. ही सत्ता मालकाची नव्हे, कारभाऱ्याची आहे. आणि कारभाऱ्यास एके दिवशीं हिशेब द्यावा लागतो.

अखेरीस एका गैरसमजापासून विद्यार्थ्यांनीं सावध राहावें. जनावरांस मनुष्याची बुद्धि आली म्हणजेच त्यांस न्याय मिळावा, असें या लेखावरून कोणी समजूं नये. बुद्धीच्या मापानेंच दया वांटावयाची ठरली, तर वर्गांत पहिल्या येणाऱ्या मुलास अधिक आणि शेवटच्या बांकावरील मुलास कमी वांटावी लागेल. मतिमंद बालकाच्या वाट्यास तर कांहींच येणार नाहीं. असें माप प्रभु येशूनें कधीं वापरलें नाहीं. बैलास वेदना कळण्यासाठीं व्याकरण यावें लागत नाहीं. आपल्या देशांत सन १९६० च्या कायद्यानें प्राण्यांस निष्कारण मारणें, त्यांच्यावर अतोनात ओझें लादणें हे अपराध ठरविले आहेत. आणि हा कायदा करतांना कोणी त्यांची परीक्षा घेतली नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें मोठे शास्त्रज्ञ होतील, आणि आज आम्ही ज्याची केवळ चर्चा करतों ती शक्ति कदाचित् तुमच्या हातीं येईल. त्या वेळीं तुम्ही काय कराल, हें तुमच्या त्या वेळच्या विद्येवर जितकें अवलंबून राहील, तितकेंच तुमच्या आजच्या सवयींवरहि अवलंबून राहील. लंगड्या कुत्र्यास दगड मारणारा हात प्रयोगशाळेंत गेल्यानें कोमल होत नाहीं. म्हणून मुक्या जिवास बुद्धि देण्याचा विचार पुढें करावयाचाच असेल तर करूं. तोंपर्यंत ज्या गोष्टी त्यास बोलून मागतां येत नाहींत, पण ज्या देणें आपणांस आजच शक्य आहे, त्या त्याच्या पुढें ठेवूं या. दाराशीं भांडेंभर पाणी, उन्हाच्या वेळीं सावली, आणि दिवसभर राबलेल्या मानेस विसावा.